आत्याची खोकलवेल

३ मार्च

जांभळ्याचं पिवळं झालं! झालं, झालं, झालं!

जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब टाकले आणि रंग बघता बघता उडाला. रंग उडाला म्हणजे अँटीऑक्सिडंट आहे — भरपूर आहे! तीन वर्षं कॉलेजच्या बागेतल्या खोकलवेलीमागे हात धुऊन लागलेय. ती आपली ढिम्म. शेवटी आत्याकडून त्याच वेलीचा वाळवलेला पाला मागवला. घरात कुणी खोकलं की ती त्याचाच काढा पाजते. आणि पहिल्याच फटक्यात पिवळं! मी चक्क नाचले. टेबलावरचा बीकर पडता पडता वाचला.

सर म्हणाले होते, "मार्चअखेर काही हाती लागलं नाही, तर विषय बदलायचा." म्हणजे तीन वर्षं पाण्यात. आता बघा म्हणावं!

४ मार्च

पुन्हा केलं. पुन्हा पिवळं.

६ मार्च

तुलनेला शुद्ध व्हिटॅमिन सी घ्यायचं असतं. दोघांचे आलेख एकावर एक ठेवले — जुळ्या बहिणी! सर चष्मा कपाळावर चढवून बघतच राहिले. मग म्हणाले, "शाब्बास." सर! शाब्बास! परिषदेसाठी माझं नावही पाठवून दिलं.

शेजारच्या टेबलावरच्या शंकासुराला राहवेना. "बागेतला पाला मठ्ठ आणि आत्याचा हुशार? वेल तर एकच ना? वाळवतात कसा, विचारलंस?" जळतोय मेला. विचारायचं काय त्यात? सावलीत वाळवतात.

९ मार्च

शोधनिबंध जवळजवळ लिहून झाला. पाला कसा वाळवला, तेवढा परिच्छेद राहिलाय. उद्या आत्याला फोन. आभारात तिचं नाव पहिलं घालणार, सरांच्याही आधी. सर काय म्हणतील ते म्हणोत!

१० मार्च

आत्या फोनवर नुसती फुलून गेली. "अगं, तसाच वाळवला की काळा पडतो. म्हणून मी आधी लिंबाच्या पाण्यात बुडवून काढते. तुझ्या कॉलेजात जायचा म्हणून या वेळी तर चांगली डझनभर लिंबं पिळली! हिरवागार राहिला की नाही?"

म्हटलं, "राहिला, आत्या."

तीन वर्षांतली पहिली शाबासकी — लिंबाला!