रुखवतातली पेटी

॥ श्री ॥

वाशी,
जि. धाराशिव,
दि. ३ मार्च २०२५

चि. सौ. शिवांजली हीस श्रीमंतमामाचे अ. उ. आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. तिकडचं क्षेम कळायची सोय तू ठेवलेली नाहीस. लग्न होऊन पंधरा दिवस झाले, आता माझा एकही मेसेज तुला पोचत नाही. पुतण्या योगीराज म्हणतो, काका, तिनं तुम्हाला ब्लॉक केलंय. फोनवर बोलावं तर चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढलेले हे कान. पलीकडचं माणूस काय बोलतं ते कळत नाही आणि मी नुसता हो हो करत राहतो. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. ते शोधायला पोस्टातल्या बाईंना अख्खं कपाट उपसावं लागलं.

तुझी आई, आमची तुळजाक्का, परवा दळण घेऊन आली ती तोंड फुगवूनच. पोरीच्या सासरचे सास्तूरकर नाराज आहेत आणि कारण तू आहेस श्रीमंता, एवढं बोलली आणि दळण तसंच टाकून गेली. कारण म्हणजे माझी पेटी, एवढं मला समजलं. आता रुखवतातल्या वस्तूचं झाकण विहीणबाईनं उघडायचं आणि आत काय निघेल त्याला सगळ्यांनी हसायचं, ही रीत मी काढली का? माझ्या लग्नात सासरच्यांनी करंजीत कापूस भरला होता. तुझ्या आजीनं ती सगळ्यांदेखत चावली आणि पुढं वर्षभर ज्याला त्याला सांगून हसली.

तुझ्या लग्नासाठी मी दोन महिने खपलो गं. सागवानी पेटी, पितळी बिजागरी, आत भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची कमान. झाकण उचललं की कडी सुटते, चाक फिरतं आणि लोखंडी वायसरच्या चकत्या पत्र्यावर आपटतात. पहिल्या खेपेला आवाज अगदी मिळमिळीत वाटला. गिरणी चालू ठेवूनच तपासायचो. मग पत्रा जाड घातला, सहाचे बारा वायसर केले, कमान आवळली, तेव्हा कुठं जरा जीव आला. आणि विहीणबाई काय पळाल्या म्हणून सांगू. टेबलापासून कार्यालयाच्या फाटकापर्यंत पदराचं भान नाही. पेटी मी त्याच दिवशी परत आणली. दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो आणि ते पळणं सांगतो.

राग किती दिवस धरायचा त्याला काही माप असावं. पाडव्याला साखरगाठी घेऊन येतो. विहीणबाईंना म्हणावं, या वेळी पेटी आणणार नाही, घाबरू नका.

जावईबापूंना आशीर्वाद. मामावर लोभ होता तेवढा तरी राहू दे.

तुझा,
श्रीमंतमामा


सास्तूर,
दि. ११ मार्च २०२५

ती. स्व. मामांस शिवांजलीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. ते सासूबाईंच्या हाती पडलं नाही, माझ्या पडलं, हे बरं झालं. तुम्हाला ब्लॉक केलं ते मीच. तो पळण्याचा व्हिडिओ तुम्ही मला तीनदा पाठवलात, खाली हसणारी तोंडं लावून.

तुम्ही समोरच उभे होतात, पण सासूबाईंच्या कडेवर कोण होतं ते तुम्ही पाहिलं नाहीत. माझ्या थोरल्या जाऊबाईंची समृद्धी होती, तीन वर्षांची. झाकण उघडलं, टेबल हादरलं, रुखवतातली पितळी घागर आणि कळशी खाली आली. सासूबाईंनी पोरीला टाकलं आणि पळाल्या. मागं वळून बघितलं नाही. पोरगी टेबलाच्या कडेवर पडली, ओठाला दोन टाके पडले. ती रडत होती तेव्हा आपल्याकडची माणसं हसत होती. मीही जरा हसले, मामा. मला वाटलं, रुखवताची गंमत चालली आहे.

सास्तूर त्र्याण्णवच्या भूकंपात सगळं पडलं आणि मग नवीन बांधलं, हे मी शाळेत शिकले होते. पण त्या पहाटे आधी उतरंडीची भांडी खडखडली आणि मग घरं खाली आली, हे मला इथं आल्यावर शेजारच्या धुळाप्पा आजोबांनी सांगितलं. सासूबाईंची अकरा महिन्यांची लेक त्यात गेली. सासरे शेतावर झोपायला गेले होते. सासूबाई लेकीला काखेत घेऊन पळत होत्या, दारात माझे थोरले दीर धनाजी भाऊजी, तेव्हा सात वर्षांचे, घाईनं पुढं घुसले, त्यांचा धक्का लागला, लेकरू निसटलं आणि वरून भिंत आली. सगळं गाव असंच सांगतं, पण भाऊजींच्या कानावर पडू देत नाही. लग्न ठरवायला चारदा बैठका झाल्या. आपण मानपान विचारला, पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं. सास्तूर हे नाव ऐकूनही तुमच्या घरातलं कोण गेलं, हे आपल्यापैकी कुणी विचारलं नाही. त्यात मीही आले, म्हणून तुमच्यावर रागावताना मलाच शरम वाटते.

त्या दिवसापासून सासूबाई समृद्धीला शिवत नाहीत. जाऊबाई उमरग्याला दवाखान्यात नोकरीला जातात, पोरगी दिवसभर आजीजवळच असायची. आता त्या म्हणतात, माझ्यापाशी लेकरू ठिवू नका, माझा भरोसा न्हाय. पोरगी आज्जी आज्जी करत मागं फिरते आणि त्या उठून गोठ्याकडं जातात. शेवटी जाऊबाईंनी ठरवलं, पाडवा झाला की पोरीला घेऊन उमरग्यात खोली करायची. भाऊजींना शेत सोडून जाता येणार नाही. हे घर दोन ठिकाणी होणार, आणि त्याची सुरुवात माझ्या रुखवतातून झाली. इथं मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर सोपं गेलं असतं.

पाडव्याला येऊ नका. रागात असले तरी भाचीच आहे, म्हणून तुमचा लोभ मागते.

आपली,
शिवांजली


वाशी,
दि. १७ मार्च २०२५

विहीणबाई श्रीमती सिताबाई अक्का यांस, श्रीमंतचा सा. न. वि. वि.

शिवांजलीच्या पाकिटातून हे पत्र पाठवतो आहे. वाचावंसं वाटलं नाही तर चुलीत घालावं. मला कळवायचीही गरज नाही.

अक्का, मला आठ वर्षांपासून नीट ऐकू येत नाही आणि ते मी लोकांपासून लपवलं आहे, शिवांजलीला फोनपुरतं लिहिलं तेवढंच. चारचौघांत बसलो की लोक हसले म्हणजे मीही हसतो, कशाला ते माहीत नसतं. पेटीचा आवाज मला बारीक लागला म्हणून मी तो वाढवत गेलो. कुणाला एकदा ऐकायला सांगितलं असतं तर काम झालं असतं, पण मग कान गेल्याचं कबूल करावं लागलं असतं. शिवांजलीचं पत्र आल्यावर गिरणी बंद केली आणि योगीराजला पेटी उघडायला लावली. तो कानावर हात ठेवून मागं सरला. समोरच्या किराणा दुकानातली दोन माणसं काय पडलं म्हणून धावत आली. मला तेव्हाही ताटात खडे पडल्यासारखं वाटलं.

दुसरं सांगायचं ते याहून वाईट आहे. त्या पहाटे आमची वाशीही हलली होती. मी बायकोला म्हणालो, कूस बदलताना जरा हळू, आणि परत झोपलो. दुसऱ्या दिवशी सास्तूरकडचं सगळं कळलं. आमच्या गावातून भाकरी बांधून ट्रॅक्टर गेले, मीही दोन पोती पीठ दिलं. आणि तरीही कूस बदलण्याची ती गोष्ट मी बत्तीस वर्षं लग्नाकार्यात सांगत आलो. लोक पोट धरून हसायचे. साखरपुड्यात तुमच्या शेजारी बसूनही सांगितली होती. तुम्ही उठून पाणी प्यायला गेलात. मला वाटलं, तहान लागली असेल.

तो व्हिडिओ काढून टाका म्हणून मी घरोघर फिरलो. ज्याच्या त्याच्या समोर उभा राहून पुसायला लावला. योगीराजकडं गेलो आणि त्यालाही रागावलो, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, काका, ह्यो तुमीच मला पाठवला हुता.

समृद्धीच्या ओठाला लागलं ते माझ्यामुळं. ती तुमच्यापासून तुटते आहे तेही माझ्यामुळं. हसणारे आम्ही होतो, शरम आम्हाला वाटायला पाहिजे. तुम्ही तोंड लपवून गोठ्यात बसावं असं तुमच्याकडून काही घडलेलं नाही. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. मला ते आज लिहवत नाही.

आपला,
श्रीमंत


सास्तूर,
दि. २४ मार्च २०२५

श्रीमंतदादा यांस सिताबाईचा नमस्कार.

माझी सातवी झाल्याली हाय. लिव्हायची सवं न्हाय, चुकलं माकलं समजून घ्या. ह्ये पत्र शिवांजलीला लिव्हायला सांगितलं न्हाय, कारण त्येच्यात हाय ती तिला बी ठावं न्हाय.

तुमच्यावर मला राग हाय. न्हाय म्हणून खोटं लिव्हणार न्हाय. साखरपुड्यातली ती गोष्ट म्या ऐकली हुती. पण तुमी लिव्हलं की माझ्याकडनं लाज वाटावं आसं काय घडलं न्हाय, ती वाचून मला दोन दिस भाकर गेली न्हाय. तुमी तुमचं उघडं करून लिव्हलं, तर म्या झाकून ठिवून तुमची माफी कशी घिऊ?

गावात जी गोष्ट सांगत्यात ती म्याच सांगितल्याली हाय. दादा, लेकरू माझ्या काखत न्हवतं. पाळण्यात हुतं. भांडी वाजली तशी म्या उठले अन् पळाले. पाळणा हातभर लांब हुता. पाळण्याकडं म्या बघितलं बी न्हाय. भाईर येऊन हुबारले, मग घर आलं. मधी इतका टाइम हुता की दोनदा आत जाऊन आले आसते. धनाजी माझ्या आदीच भाईर आला हुता, त्येचा काय धक्का न्हाय अन् काय न्हाय. मालक शेतातनं पळत आले अन् लेकरू कुठं हाय म्हणाले, तवा तोंडात आलं ती बोलले. दारात धक्का लागला म्हणाले. मालकांनी मला जवळ घितलं. मग त्या बोलण्यावरनं परत फिरायची ताकद झाली न्हाय. त्येंनी मरस्तोर मला कधी इचारलं न्हाय.

मला वाटायचं, पहाटची येळ हुती, झोपत हुते, वय लहान हुतं. परत तशी येळ आली तर म्या लेकरू सोडणार न्हाय, आसं मनाला समजावत बत्तीस वर्सं काढली. तुमच्या पेटीनं ती बी ऱ्हायलं न्हाय. भर दुपारी, शंभर माणसांत, म्या तेच केलं. लोक हासले त्येचं काय न्हाय. समृद्धी माझ्या हातात हुती अन् म्या हात सोडला. आता तिला कोणत्या तोंडानं घिऊ?

पोरांफुडं ह्ये बोलायची माझी हिंमत न्हाय. कुणाला तरी सांगावं म्हणून तुमाला लिव्हलं. वाचून फाडून टाका. शिवांजली गुणाची हाय, तिच्यावर माझा राग न्हाय. तुमच्यावरला कमी हुईल तवा कळवीन.

सिताबाई


सास्तूर,
दि. ३१ मार्च २०२५

ती. स्व. मामांस शिवांजलीचा शि. सा. नमस्कार.

सोबत सासूबाईंचं पत्र आहे. लिहून आठ दिवस झाले होते, पण त्यांनी ते पाकिटात घालून देव्हाऱ्यामागं ठेवलं होतं. ते फाडू नका, आता त्याची गरज नाही.

काल पाडवा. गुढी उभारली, नैवेद्य झाला. जाऊबाईंच्या पिशव्या सोप्यात बांधून ठेवल्या होत्या, आज सकाळच्या गाडीनं निघायचं होतं. समृद्धी आपली बाहुली आजीच्या पिशवीत कोंबत होती. तिला वाटत होतं की आजीही उमरग्याला येणार. ते बघून सासूबाई आत गेल्या, पाकीट घेऊन आल्या आणि आम्हाला सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. चष्मा लावला आणि श्रीमंतदादा यांस इथपासून वाचायला लागल्या. आम्हाला वाटलं, तुम्हाला काही कडक लिहिलं असेल. मी खाली बघत बसले.

वाचताना त्या फार अडखळत होत्या. पाळण्याच्या ओळीशी थांबल्या, पाणी मागितलं, परत वाचायला लागल्या. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. माझे यजमान नंदीश उठून खिडकीशी उभे राहिले. त्यांचा तर जन्मही भूकंपानंतरचा. धनाजी भाऊजी मात्र धक्का काही नव्हता हे ऐकलं आणि म्हणाले, आई, थांब, तेवढं पुन्हा वाच.

मामा, भाऊजी घराच्या, देवळाच्या, कुठल्याही दारातून कुणाच्या पुढं जात नाहीत. सगळे बाहेर पडेपर्यंत बाजूला उभे राहतात, अगदी समृद्धीलासुद्धा आधी जाऊ देतात. मी नवीन आले तेव्हा मला तो त्यांचा भला स्वभाव वाटला होता. काल त्यांनी सांगितलं की ते सात वर्षांचे होते, अंगणात आई वडिलांना सांगत होती, तेव्हा ते तिथंच उभे होते. आपण पळालो एवढंच त्यांना आठवत होतं. आईनं सांगितलं म्हणजे धक्का आपलाच, बहीण आपल्यामुळं गेली, असं त्यांनी धरलं ते धरलं. हे मनात आहे ते बायकोलाही कधी सांगितलं नाही. सासूबाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, तू ती ऐकलंस व्हय रं, मला वाटलं तवा तू नुसता रडतुयास.

तुम्ही बरं केलंत असा याचा अर्थ नाही. सासूबाई तसं म्हणत नाहीत आणि मीही म्हणणार नाही. पोरीच्या ओठावर खूण राहणार आहे. उमरग्याचं काय ते अजून ठरलेलं नाही, पिशव्या सोप्यात तशाच आहेत, पण आज सकाळची गाडी जाऊबाईंनी जाऊ दिली. सध्या तुम्ही येऊ नका. त्या बोलावतील तेव्हा मी कळवीन. तुमचा नंबर मी मोकळा केला आहे. कान मात्र डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांचं खरं काय ते माझ्या आईला सांगा.

काल भाऊजींनी त्यांना तीनदा विचारलं की, माझा धक्का न्हवता नव्हं? त्या तीनदा न्हाय म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारताना भाऊजी रडायला लागले. सासूबाईंनी त्यांचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं, आणि बाप रडतो आहे असं बघून समृद्धीही येऊन त्याच मांडीवर बसली. त्यांनी तिला उठवलं नाही.

रागापेक्षा लोभ जुना आहे, तो ठेवावा.

आपली,
शिवांजली