हृदयाची दारं

छोट्या,

छातीत धडधडायचं म्हणून मला एक गोळी सुरू केली. हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात. ठोका पडला की त्यांतून पोटॅशियम बाहेर जातं, आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी सावरते. ही गोळी त्यातली काही दारं लोटून घेते, म्हणजे हृदयाला उगाच घाई करता येत नाही.

माझ्या ईसीजीत मात्र हे सावरणं भलतंच लांबलं. डॉक्टरीणबाईंनी गोळी तिथल्या तिथे बंद केली. म्हणाल्या, "तुमची दारं जन्मापासूनच नीट उघडत नसावीत. घरात कोणी अचानक गेलंय? पोहताना वगैरे?"

मी तुझं सांगितलं. रडू आलं नाही. छातीवर लावलेली जेल पुसत बसले.

म्हणजे आधी तुझं हृदय थांबलं, पाणी नंतर.

बाबा अजून तलावाच्या रस्त्याने जात नाहीत. "मीच त्याला नीट शिकवलं नाही," म्हणतात. हा दोष आईबाबांपैकी एकाकडून येतो. आईचा ईसीजी चांगला आला. उद्या बाबांचा आहे.

शिकवण्यात काही चुकलं नव्हतं, एवढंच मला त्यांना सांगायचंय. पण ते विचारतील, "मग कशाने गेला?"

तुझी ताई