तिसरं पाऊल पडलं होतं

मंगळवार, ९ डिसेंबर

प्रिय कॅझ,

तू बरा असशील, गुडघा फार छळत नसेल. मी मजेत. इथे पुनर्वसन केंद्रात रोज उकडलेली फरसबी देतात आणि तिला जेवण म्हणतात. बाहेर बर्फ पडतोय. झालं, विचारपूस संपली.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला मध्येच तोडतोस आणि मग मी फोन आपटते. पत्रात तुला शिट्टी मारता येत नाही.

तो झेल पूर्ण होता.

हो, पुन्हा तेच! थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सकाळी माझ्या परसातल्या अमेरिकन फुटबॉलच्या डावात जे झालं ते तू पंच म्हणून पाहिलंस, मी झेलणारी म्हणून. ट्रिना ओरडली, "आजी, पळ!" आणि तिने चेंडू फेकला. कपडे वाळत घालायच्या खांबापलीकडे, म्हणजे गोलरेषेच्या आत, मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. डावा पाय टेकला, उजवा टेकला, परत डावा टेकला. मग मी पडले. गोठलेल्या गवतावर कंबर आपटली, हाड मोडलं आणि चेंडू सुटून लायलकच्या झुडपाखाली गेला. आणि तू? पंचाचा तो जुना पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून हात आडवे हलवत उभा! "झेल अपुरा! झेल अपुरा!" बहीण जिवंत आहे का ते नंतर, आधी निकाल. धन्य आहे बाबा तुझी.

तुझ्या लाडक्या भाच्याने, रोमनने, फोनवर ते सगळं टिपलंय. मी इथल्या बैठकीच्या खोलीत सगळ्यांना दाखवलं. शेजारच्या खोलीतला हार्वे, जन्मभर छपरं घातलेला माणूस, म्हणाला, "बाई, ते तिसरं पाऊल नव्हे, ते कोसळणं आहे. मी छपरावरून पडलोय, मला फरक कळतो."

"कोसळताना कुणी टाच टेकवतं का रे?" मी विचारलं.

"तुमच्यासारखी हट्टी बाई टेकवेलही."

टमिका, मला इथे पुन्हा चालायला शिकवणारी पोरगी, मागून बघत होती. "थांबा, पुन्हा लावा," म्हणाली. फोनला नाक लावून पाहिलं. "टाच टेकली, वजन पायावर आलं, मग गेल्या. पाऊल आहे. हार्वे, गप्प बसा." हार्वे पुडिंग तसंच टाकून उठून गेला. दुसऱ्या दिवशी परत भांडायला आला, ते वेगळं.

आणि पडल्यावर जमिनीचा दणका खाऊनही चेंडू हातात राहिला पाहिजे, हे जे तू सारखं घोकतोस ना, तो नियम मोठ्या लीगने काढून कैक वर्षं झाली. चेंडू ताब्यात, दोन्ही पाय आत, तिसरं पाऊल. बस. मग पडा, लोळा, चेंडू सुटू दे, झेल तो झेल. तू त्याआधीच शिट्टी खुंटीला टांगलीस आणि नवं पुस्तक उघडून बघितलं नाहीस. तुला शाळेच्या शुक्रवारच्या सामन्यांत पंचगिरी करायची सवय. पण बाबांच्या काळापासून आपल्या घरात रविवारी टीव्हीवर जे नियम चालतात तेच चालतात, आणि हरणाऱ्यांनी भांडी घासायची. हे तूही जाणतोस.

इतकं कशाला ताणते, असं म्हणशील. सांगते.

परवा रविवारी तू आणि रोमन माझ्या पलंगाशी उभे होतात. मी झोपलेय असं तुम्हाला वाटलं. रोमन म्हणाला, "मामा, घर विकून टाकू. आईला इथेच ठेवू, वरच्या मजल्यावर कायमच्या खोल्या आहेत." पोटचा पोर आहे, घाबरलाय, मी समजू शकते. पण तू, तुझी बायको मार्ज गेल्यापासून दर शुक्रवारी माझ्या टेबलाशी बसून सारण भरलेले उकडलेले पिरोगी हादडणारा तू, काय म्हणालास? "जिला चेंडू धरता आला नाही, ती घर काय धरणार!" आणि हसलास.

मी डोळे मिटूनच राहिले. तुम्ही गेल्यावर खूप रडले. हे लिहायला मला लाज वाटत नाही. तुला वाचायला वाटू दे.

पुढच्या बुधवारी, सतराला, बैठक आहे. मी पायऱ्या चढून दाखवायच्या, भरलेलं पातेलं शेगडीपर्यंत नेऊन दाखवायचं. आणि सुरुवातीचे काही आठवडे जवळच्या कुणीतरी रोज घरी डोकावून जायचं कबूल करायचं. रोमन पडला लांब कोलंबसला. राहिलास तू. तू हो म्हणालास तर मी माझ्या घरी, नाही म्हणालास तर फरसबी.

मी हातापाया पडत नाहीये, गैरसमज नको. मी बहात्तर वर्षांची आहे आणि मी तो चेंडू धरला होता. ये आणि बघ. फक्त या खेपेला हात हलवण्याआधी डोळे उघडे ठेव.

अजून उभी असलेली
तुझी थोरली बहीण,
लिओना


शनिवार, २० डिसेंबर
माझं स्वयंपाकघर

कॅझ,

वरची दुसरी ओळ वाचलीस? परत वाच.

बुधवारी तू माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेलास, म्हणून हे लिहावं लागतंय. पायऱ्या मी चढले, ते तू पाहिलंस. बटाट्यांनी भरलेलं पातेलं शेगडीपर्यंत नेलं, तेही पाहिलंस. टेकवलं आणि हात काढला, तर मेलं ते कलंडलं! बटाटे खोलीभर. एक पार हार्वेच्या चपलेपर्यंत गेला.

"बघितलंत?" रोमन म्हणाला. टमिकाचं पेन थांबलं. मला वाटलं, संपलं सगळं.

आणि तू, कोटाची चेन गळ्यापर्यंत लावून कोपऱ्यात बसलेला, म्हणालास, "रोमन, गप. ती शेगडीपर्यंत पोचली होती. नंतर सुटलं ते मोजायचं नाही. मी रोज संध्याकाळी जात जाईन तिच्याकडे." मग सहीसाठी पेन काढायला चेन उघडलीस. आत पट्ट्यांचा शर्ट होता. गाढवा, मी तेव्हा खिडकीकडे तोंड का फिरवलं ते तुला कळलं असेलच.

पण एवढ्याने सुटलास असं समजू नकोस. जे बटाट्यांना लागू, तेच चेंडूला लागू. तू तुझ्याच तोंडाने निकाल फिरवलास, साक्षीला अख्खी खोली होती. म्हणजे थँक्सगिव्हिंगला ट्रिना आणि मी जिंकलो; रोमन आणि त्याच्या बाजूने निकाल देणारा तू, तुम्ही हरलात.

त्या दिवशी मी पडल्याच्या गडबडीत रोमनने टर्की भाजायचं मोठं भांडं मागच्या पायऱ्यांवर तसंच टाकलं होतं. अजून तिथेच आहे. चरबी गोठून दगड झालीय. मी त्याला बोट लावलेलं नाही, लावणारही नाही.

संध्याकाळी ये. पिरोगी केलेत, कोबीचे. आधी भांडं, मग पिरोगी.

झेल पूर्ण करून घरी आलेली,
लिओना