आबा, तानीला माती मिळाली

प्रिय आबा,

आज नगरपालिकेचा माणूस शाळेत आला होता. बागेतले जुने पिंजरे रंगवून त्यांत ससे आणि रंगीत पाखरं ठेवायचं चाललंय. मुलांच्या करमणुकीसाठी म्हणून शाळेचं संमतिपत्र हवंय, म्हणजे मुख्याध्यापिका म्हणून माझी सही. मी कागद ठेवून घेतला आणि शाळा सुटल्यावर बागेत गेले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले.

तानीच्या, तुमच्या त्या लांडगिणीच्या, पिंजऱ्याला आता कुलूप नाही. मी आत शिरले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माझी नऊ पावलं. गजांच्या कडेनं फरशी अजून गुळगुळीत आहे, तिच्या येरझाऱ्यांनी झालेली. तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा मला वाटायचं, ती नाचते आहे. तसं नाही, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. का, आबा?

आपण धनगर. लांडगा म्हणजे आपल्या मेंढरांचा वैरी. माणदेशात विहिरीत पडलेलं लांडगिणीचं पिल्लू बागेत आणलं आणि राखण तुमच्याकडे आली, तेव्हा थोरले काका भांडायला आले होते. ज्यांनी आपली कोकरं नेली त्यांना तू हातानं चारणार का, म्हणून. तुम्ही एवढंच म्हणालात, "पोट तर तिलाबी हाय की."

पुढं वरून हुकूम आला, असली छोटी प्राणिसंग्रहालयं बंद. तानीला दूरच्या प्राण्यांच्या निवारा केंद्रात न्यायला गाडी आली. तानी काही केल्या पेटीत जाईना, तेव्हा माणसांनी बांबू काढले. तुम्ही त्यांना थांबवलंत आणि स्वतःच आधी पेटीत शिरून मांडी घालून बसलात. थोड्या वेळानं ती आली. तुम्ही पलीकडच्या दारानं बाहेर पडलात आणि कडी घातलीत.

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. आईला म्हणालात, "तिनं भरवसा ठिवला, आन म्या कडी लावली." त्यानंतर बाजाराला जाताना तुम्ही बागेचा रस्ताच सोडलात.

आणि मागच्या दिवाळीत अचानक विचारलंत, "तानीला एकदा बघून यिऊया का गं?"

तुम्ही जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हणाले, परीक्षा होऊ देत. परीक्षा झाल्या, मग ऊन फार होतं, मग पाऊस. श्रावणात तुम्ही गेलात. आबा, दुसऱ्यांदा विचारायचं होतंत ना! मी आलेच असते.

दसऱ्याच्या सुट्टीत त्या केंद्रात एकटीच गेले. खंडाळ्याच्या पुढं बस जात होती आणि शेजारची सीट रिकामी होती. तिथल्या सांभाळणाऱ्या बाईंनी सांगितलं, तानी उन्हाळ्यातच गेली, म्हातारपणानं. म्हणजे तुम्ही विचारलंत तेव्हा ती होती.

मग त्यांनी मला तिची जागा दाखवली. मोठं कुंपण, गवत, उतरती जमीन आणि कडुलिंबाखाली खोल बीळ. त्या सांगत होत्या, पहिले दोन दिवस ती दारातच उभी होती. तिसऱ्या दिवशी बाहेर आली, माती हुंगली आणि जी उकरायला लागली ती थांबेचना. सुरुवातीला कुंपणाच्या कडेनं येरझाऱ्या घालायची. वर्षभरात त्याही सुटल्या. दुपारभर बिळाच्या तोंडाशी पसरलेली असायची.

सगळं आयुष्य फरशीवर काढलं तिनं. उकरायला कुणी शिकवलं असेल?

तुम्ही कडी लावलीत म्हणूनच ती तिथं पोचली, आबा. हे तुम्ही तुमच्या कानांनी ऐकायला हवं होतं. ते राहिलं माझ्यामुळं, आणि त्याला आता इलाज नाही.

सोमवारी नगरपालिकेत बैठक आहे. संमतिपत्र सही न करता परत देणार आहे आणि का, ते उभी राहून सांगणार आहे. सभेत बोलायचं मी टाळते, तुम्हाला ठाऊकच आहे. तरी बोलेन. ऐकलं नाही तर शाळेतल्या मुलांच्या आयांना घेऊन पुन्हा जाईन, आणि त्यानंतरही जाईन. त्या जागेत पुन्हा एकही जीव कोंडू देणार नाही, हा शब्द देते. या वेळी परीक्षांचं कारण सांगणार नाही.

तुमची,
सुमन