दहा वर्षांची हमी

साडूभाऊ,

नमस्कार. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुमच्या गुडघ्याला जे काही लागू पडत असेल ते. इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, ती मोडवत नाही म्हणून लिहिलं. पुढचं वाचलंत की तुम्हीच खोडाल. तुमचा खोकला कसा आहे? मागे कानावर पडला तेव्हा फार कोरडा वाटला. (कुठे पडला ते शेवटी सांगतो. तोवर गरम पाणी पीत जा.)

तुमच्या विमान कंपनीने आमची कंपनी गिळली त्याला वर्ष होत आलं. (तुम्ही विलीनीकरण म्हणता. अजगरही सशाला तेच सांगत असेल.) ‘आमची’ म्हणतो खरा, पण मी तिथला नोकर नाही, हे तुम्ही चारचौघांत आवर्जून सांगत आला आहात. मी पाट्या रंगवणारा, स्टिकर चिकटवणारा. विमानतळाच्या दाराशी माझं दुकान, आणि कंपनीचं नाव जिथे म्हणून दिसायचं तिथे ते दिसेल असं करणं हा माझा धंदा. नोकर आहे ती तुमची मेहुणी. विमानतळावर सूचना देणारा जो बाईचा आवाज येतो, तो आमच्या हिचा. बोलण्याचा पगार मिळत असल्यामुळे घरी ती फुकट फारसं बोलत नाही. तर तिला पत्र आलं आहे: महिनाअखेर तुमच्या शहरात हजर व्हा, नाहीतर घरी बसा. तिकडे सूचनेसाठी आवाज आधीच भरपूर आहेत, म्हणून हिला हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवणार. इतकी वर्षं लोकांनी हिचं ऐकलं, आता हिने लोकांचं ऐकायचं. ती हो म्हणालेली नाही आणि नाहीही म्हणालेली नाही. मी नुसती तिची शांतता ऐकतो आहे, आणि माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत.

सुरुवात मात्र थाटात झाली होती. तुमच्याकडून एक कोवळा एकत्रीकरण अधिकारी आला. आमच्या कंपनीचं चिन्ह असलेला करकोचा खरवडायचा नाही, त्याच्यावरच तुमच्या चिन्हाची चांदणी चिकटवायची, असा हुकूम. ढकलगाड्या, बस, विमानाला लावायचे जिने, कचऱ्याचे डबे, झाडूवाल्यांच्या बादल्यासुद्धा. तो करकोचा मी तरुणपणी स्वतःच्या हाताने, तेलरंगात काढलेला. दुकान त्याच्याच पाठीवर बसून उभं राहिलं. असो. पोराने नमुन्याला नख लावून पाहिलं आणि म्हणाला, “काका, हे टिकणार किती?” मी म्हटलं, “तुमच्या नोकरीपेक्षा जास्त.” तो हसला. (तेव्हा आम्ही सगळेच हसत होतो.) त्याला हमी हवी होती. मी लांबून खास गोंद मागवला आणि दहा वर्षांची हमी सहीशिक्क्यानिशी दिली: ऊन लागो, पाऊस लागो, इंधन सांडो, चांदणी हलणार नाही. माणसांची हमी कोणी मागितली नाही, त्यामुळे कोणी दिलीही नाही.

मग माणसं हलायला लागली. एका खुर्चीला दोन हिशेबनीस झाले; एक बसायचा तेव्हा दुसरा कपाटातली फाईल शोधत उभा राहायचा, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पाळी बदलायची. आमच्या वरच्या मजल्यावरचे कॅप्टन तुम्हाला आठवत असतील. दोन्हीकडच्या वैमानिकांची ज्येष्ठतेची यादी एकत्र झाली आणि ते घसरून सहवैमानिक झाले. जन्मभर डाव्या खुर्चीवरून विमान चालवलेला माणूस आता उजवीकडे बसतो, आणि शेजारी त्यांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा. मी समजूत घालायला गेलो तर त्यांची बायको म्हणाली, “त्यात काय एवढं? घरात मी त्यांना पहिल्यापासून उजवीकडेच बसवलंय.” हसलो दोघं. कॅप्टन नाही हसले.

आता मुख्य गोष्ट. मीटिंगच्या खोलीच्या काचेच्या दारावर ‘एक कुटुंब, एक आकाश’ हे घोषवाक्य चिकटवायचं काम मला आलं. अक्षरं चिकटवणाऱ्या माणसासमोर कोणी आवाज खाली करत नाही, साडूभाऊ. भिंतीला कान असतात म्हणून जपतात, पण शिडीवर उभ्या माणसाला ते भिंतीतही धरत नाहीत. मी ‘एक कुटुंब’ चिकटवून स्वल्पविराम सरळ करत होतो, आणि आत ठरत होतं की आमचा विमानतळ बंद जरी झाला नाही, तरी इथे विमानं बदलण्याची सोय बंद. लहान लहान गावांतली माणसं इथे उतरून पुढचं विमान पकडायची, ती आता तुमच्या शहरात उतरून पकडणार. मी ‘एक आकाश’ही चिकटवलं. करतो काय? अर्धवट काम सोडायची सवय नाही.

आमच्या गावाला मुक्काम म्हणून कोणी येत नव्हतं हे खरं, पण खोळंबून बसलेल्या माणसाला चहा लागतो, दाढी लागते, बुटाला पॉलिश लागतं. त्या खोळंब्यावर अख्खा रस्ता जगत होता. न्हावी आता एकमेकांचे केस कापतात. विमानं जातात, पण डोक्यावरून. खालून आवाज ओळखत बसायचा.

आणि मग तोच कोवळा अधिकारी परत आला. म्हणाला, “काका, सगळ्या चांदण्या काढा. वस्तू विकायच्या आहेत.” मी म्हटलं, “निघणार नाहीत.” “म्हणजे?” “हमी दिलीय.” आम्ही रॉकेल लावून पाहिलं, पातं लावून पाहिलं, तुमच्या मेहुणीचं केस वाळवायचं यंत्रही लावून पाहिलं. दुपारपर्यंत एका जिन्यावरची अर्धी चांदणी सोलली, आणि खालून करकोच्याची चोच बाहेर आली. चोचवाली चांदणी! सामान चढवणारा आमचा ‘टॉवर’ (उंचीमुळे नाव पडलं) ओरडला, “अरे, जिवंत आहे रे!” सगळे हमाल उन्हात टाळ्या वाजवत उभे राहिले. तेवढ्यात वरच्या कर्ण्यातून हिचा आवाज आला. पुढच्या विमानासाठी इथे थांबलेल्या प्रवाशांना शेवटची सूचना. तिने ‘आपल्या पुढील प्रवासासाठी’ म्हटलं आणि थांबली. तिथे थांबायचं नसतं. प्रवाशांना कळलं नसेल, मला शिडीवर कळलं. मग तिने ‘शुभेच्छा’ म्हटलं आणि खटका बंद झाला. टाळ्याही बंद झाल्या.

चांदण्या निघाल्या नाहीतच. शेवटी सगळ्यावर पांढरा रंग फासायचं ठरलं, आणि ते काम मलाच मिळालं. धंदा चालू आहे म्हणायचा.

माझी काळजी नसावी. मी इथला माणूस, इथून हलणार नाही. तुमच्या शहराची हवा मला तशीही मानवत नाही. ताईंना सांगा, त्यांची बहीण बरी आहे.

आपला,
साडू (पाट्यावाला)

ता. क. : काल भांडी पुसताना तिने सहज विचारलं, “ताईकडची मागची खोली अजून रिकामीच असते का हो?” एवढंच. पण तो होकार होता. तर ती खोली, जिच्यात तुमची व्यायामाची सायकल कपडे वाळत घालण्यासाठी उभी असते, ती तिला द्यावी, ही विनंती.

आणखी एक : त्या मीटिंगमध्ये टेबलावर फोन होता, आवाज मोठा केलेला. त्यातून एक गृहस्थ म्हणाले, “तिथली माणसं भावनिक आहेत, पण दोन महिन्यांत विसरतात.” म्हणण्याआधी ते तीनदा खोकले, कोरडं, तिसरं जरा लांबवून. मी हे कोणाला बोललो नाही. हिला नाही, ताईंनाही नाही. बोलणारही नाही. खोली हवेशीर आहे ना?

आणि शेवटचं : हलणार नाही असं वर लिहिलंय, ते राहू द्या, खाडाखोड वाईट दिसते. आज सकाळी सहज माझ्या दुकानाच्या पाटीला हात लावून पाहिला, तर एका ओढीत अख्खी हातात आली. स्वतःच्या कामाला चांगला गोंद कोण वापरतो? पाटी लांब आहे, पण दारामागे उभी मावेल. खाट तेवढी रुंद बघा.