लाल रेघेचा रोल

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टोपडं विणायचं थांबव. बाळ नाही. पाळी चुकली म्हणून आपण दोघी उगाच हवेत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा पीसीओएस आहे, बीज वेळेवर तयारच होत नाही. हनुवटीवरचे केस, वाढतं वजन, सगळं त्यातलंच. ह्यांनी मला धीर दिला आणि मग स्वतः न्हाणीत नळ सोडून बसून राहिले.

तुझ्या पिटुकलीला खेळायला आमच्या दुकानातल्या बिलाचे उरलेले रोल पाठवलेत. लाल रेघ दिसली की आम्ही गल्ल्यावर रोल बदलतो, शेवटचा कागद वाया जातो.

माया असू दे. मला आत्ता तीच हवी आहे.
तुझी धाकटी

२५ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

टोपडं मी उसवणार नाही, वाट बघत पडू दे. आणि हनुवटीच्या केसांचं काय घेऊन बसलीस? माझ्या मिशा तुझ्या दाजींपेक्षा भरदार आहेत!

पिटुकली दिवसभर तुझ्यासारखी गल्ल्यावर बसते. दातांनी टर्रकन कागद फाडते आणि येईल त्याच्या हातात बिल देते. दाजींनी पाणी मागितलं, त्याचंही बिल आलं. तुझे हात कोरडे पडतात म्हणून क्रीम पाठवते. कामावर लावत जा.

जेवत जा, एवढंच मागणं.
तुझी ताई

९ जुलै

ती. ताईस,

सा. न. राहू दे. आधी ते रोल फेक, मग पुढचं वाच.

डॉक्टरीणबाईंनी आज माझ्या कामाची चौकशी केली. आमचा बिलाचा कागद शाईशिवाय, नुसत्या उष्णतेने छापला जातो, त्यावर एक रसायन असतं म्हणे. ते कातडीतून अंगात जातं आणि हार्मोन्सचा गोंधळ करू शकतं. क्रीम लावलेल्या हातांतून तर जास्तच. माझं दुखणं त्यानेच झालं का, ते कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण लांब राहा म्हणाल्या.

लांब कुठे जाऊ? मॅनेजरकडे गोदामातलं काम मागितलं, तर म्हणाला, जमत नसेल तर दुसरी मुलगी तयार आहे. औषधं याच पगारातून येतात, ताई. उद्या पुन्हा तिथेच बसायचं आहे.

मला मूल नाही. आपल्या दोघींत पिटुकली हे एकुलतं एक लेकरू, त्याच्या तोंडात मी हौसेने हे दिलं. मला काही सुचत नाही.

रागाव, पण पत्र लिही.
धाकटी

२० जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

रोल त्याच दिवशी फेकले. पिटुकलीला डॉक्टरांना दाखवलं, काळजीचं काही नाही म्हणाले. क्रीम मी पाठवलं होतं, तेव्हा एकटीने सगळं अंगावर घेऊ नकोस.

पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. मग मी तिला खरं सांगितलं, की त्या कागदाने मावशीला त्रास होत असेल. काल तिने पुन्हा दुकान मांडलं. या दुकानात बिल देत नाहीत, सगळं तोंडी. गल्ल्यावरची जागा मात्र रिकामी ठेवली आहे, दाजींनाही बसू देत नाही. ती मावशीची आहे म्हणते, आणि मावशी कामावर कधी येणार म्हणून रोज विचारते.

तिला काय सांगू, ते कळव.
तुझी ताई