बैलाने न खाल्लेली भिंत

मी, रंभा नथ्थू मोहुर्ले, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मौजा पळसटोला, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे पती नथ्थू गेल्या कार्तिकात वारले. त्यांच्यामागे सर्व माझ्या नावावर आहे.

१. बँकेत जे असेल ते मुलगा प्रफुल व मुलगी ज्योत्स्ना यांना सारखे. भांडावे एवढे ते नाही.

२. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, दाबायची सागाची पेटी ज्योत्स्नाला. हे राईस मिलमध्ये कामाला होते. जनावर तोंड लावत नाही असे जुने, कोरडे तणस त्या पेटीत दाबून त्यांनी ठोकळे केले व मागची खोली रचली. वरून माती, चुना, मिलमधली तुसाची राख आणि कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी यांचे लिंपण दिले. ज्योत्स्नाला आरमोरीत तशीच खोली बांधायची आहे. तिने पाला कमी करू नये. कारण पुढे आहे.

३. धाकटे दीर सोमाजी यांना त्यांचा अर्धा दुपट्टा. लिंपण ओले असतानाच पोळा आला. तोरण तुटून बैल सुटताच सोमाजीभाऊंनी बैल सरळ आमच्या भिंतीशी आणला आणि गावासमोर म्हणाले, "भाऊ, तू चारा भिंतीत घातला. आता पाह्य, बैल तुयं घर खाते." बैलाने एकदा जीभ फिरवली, कडू लागताच मान वळवली आणि त्यांच्याच खांद्यावरचा नवा दुपट्टा चघळायला घेतला. हे एवढेच म्हणाले, "सोमा, मीठ देऊ का त्याले?" उरलेला अर्धा मी धुऊन ठेवला आहे.

जिभेचा ओरखडा भिंतीवर राहिला. यांनी तो बुजवला नाही. दर पोळ्याला तिथे उभे राहून एकटेच हसायचे. माझ्यामागेही तो कोणी बुजवू नये.

४. घर व जागा प्रफुलला. मागची खोली पाडून स्लॅब टाकायचा त्याचा विचार आहे; वडिलांचे तेरावे आटोपताच तो मोजमाप घेऊन गेला. म्हणून अट अशी की, मे महिन्यात दुपारी त्या खोलीत झोपण्याचा हक्क सोमाजीभाऊंना हयातभर राहील आणि तोवर खोलीला हात लावता येणार नाही. त्यांच्या स्लॅबच्या घरात उन्हाळ्यात पापड भाजावा. कित्येक वर्षे ते "वहिनी, बैल पाहाले आलो" म्हणून येतात आणि ऊन उतरेपर्यंत घोरतात. आमच्याकडे बैल नाही.

त्यांच्यानंतर प्रफुलची मर्जी. तोवर एखादी दुपार तोही तिथे झोपून पाहील, अशी आशा आहे.

५. सोमाजीभाऊंनी दर पोळ्याला तोरणाखाली मोठ्याने म्हणावे, "भाऊचं घर बैलानं खाल्लं नाई." न म्हटल्यास पुढचा उन्हाळा स्वतःच्या घरी काढावा. खोली उभीच राहील.

साक्षीदार व्हायला सोमाजीभाऊ तयार होते. ज्याला काही मिळते त्याची सही घेऊ नये, असे वकिलांनी सांगितले. भाऊंनी लगेच विचारले, "मले काय भेटते, वहिनी?" मी सांगितले नाही. हे लिहिताना ते आत झोपलेले आहेत. साक्षीदारांनी सह्या करताना आवाज करू नये.

लिहून ठेवणार: रंभा नथ्थू मोहुर्ले (सही)

साक्षीदार:
अंजनाबाई सुकलू गेडाम (सही)
बिरजू पोचू मडावी (सही, चप्पल बाहेर काढून)

स्थळ: मागच्या खोलीचे दार, मौजा पळसटोला
दिनांक: १८ मे २०२५, दुपार